शेवटचा टाका

१४ नोव्हेंबर

नाववाल्याने मला नावेत घेतलंच नाही! यांना घेतलं, लॉजवरच्या नव्या जोडप्याला घेतलं, माझा पाय फळीवर पडला तसा म्हणाला, "तुम्ही नको." का, तर काही नाही. वल्हं छातीशी धरून माझ्याकडे बघत राहिला. हे भांडायला खाली उतरले, तर तो त्या जोडप्याला घेऊन निघूनही गेला.

गाव सुंदर आहे, खोटं कशाला बोलू? मधोमध तळं, वर किल्ला, पलीकडे धबधबा. यांनी माहितीपुस्तक पाठ केलंय आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवतात. इथल्याच लोकांना!

माझं लक्ष नेहमीसारखं बायकांच्या पाठींकडे. कुठल्याही नव्या गावात पहिलं तेच — ताई असेल का? सासरचा मार खाऊन पिशवी घेऊन माहेरी आली होती. वडिलांनी, अण्णांनी, उंबऱ्यातूनच परत पाठवलं. ती सासरीही पोचली नाही आणि कुठेच नाही. हे म्हणतात, आता पुरे कर. कसं पुरे करू? एकच बहीण आहे मला.

१५ नोव्हेंबर

किल्ला पाहिला. गाईड तोफेची गोष्ट रंगवून सांगत होता. माझ्याकडे नजर गेली आणि तोफ कुणी आणली तेच विसरला. मग सारा वेळ माझ्याकडे पाठ करून बोलला.

उतरताना एका घराची खिडकी मी जवळ आल्याबरोबर बंद झाली. एका बाईने लेकराला पदराखाली घेतलं. माझ्या तोंडाला काही लागलंय का? हे म्हणाले, तुझी हिरवी साडीच भडक आहे. यांना सगळं साडीवर ढकलता येतं.

नीट जेवण गेलं नाही. कुणीतरी माझ्या आधी इथे येऊन गेलंय असं सारखं वाटतंय.

१६ नोव्हेंबर

उलगडा झाला. नसता झाला तर बरं होतं.

बाजारातल्या फळवाल्या आजीने मला चिमटा काढला! चांगला करकचून. मी कळवळले तेव्हा म्हणाली, "जिवंत आहेस गं बाई. मग ती कोण होती?"

तळ्याकाठच्या खोलीत एक शिवणवाली राहायची. हेच नाक, मान वाकडी करून बघायची हीच सवय, वय माझ्याहून थोडं जास्त. बोलणं कमी, काम सुबक. गेल्या वर्षी एक माणूस तिचा फोटो दाखवत आला. नवरा आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या पायऱ्यांवर तिच्या चपला सापडल्या. नुसत्या चपला. तळं खोल आहे, गेलेलं माणूस परत देत नाही, असं आजी म्हणाली. तेव्हापासून त्या पायऱ्यांवर कुणी धुणं धूत नाही. आणि परवा मी त्याच पायऱ्या उतरून नावेकडे गेले! गावाला वाटलं, ती परत आली.

पायऱ्यांवर जाऊन बसले. रडूसुद्धा आलं नाही. इतकी वर्षं मी ताईला जिवंत धरून चालले होते. पाण्यात माझं तोंड दिसलं आणि मला माझीच भीती वाटली.

१७ नोव्हेंबर

हे धबधब्यावर गेले. मी खोलीत पडून होते. पडदा वाऱ्याने सारखा अंगावर येत होता. बाजूला सारताना खालची तुरपाई हातात आली. माझ्याआधी हाताला कळलं.

आई तुरपाई करताना शेवटचा टाका मुद्दाम सैल ठेवायची. बाकी सगळी शिवण पक्की, शेवटचा तेवढा सैल. म्हणायची, "उद्या कुणाला उसवावं लागलं तर त्याने आपल्याला शिव्या देऊ नयेत." शिंपी हसतात असल्या कामाला. आईनंतर आम्ही दोघी बहिणीच असं करतो.

खाली जाऊन लॉजवाल्या बाईंना विचारलं, पडदे कुठले? बाजारातले. कधी लावले? "मागच्याच महिन्यात शिवून घेतले," त्या बोलून गेल्या आणि एकदम भाजी निवडण्यात गढून गेल्या.

मागच्या महिन्यात! चपला तर गेल्या वर्षी सापडल्या.

वर आले. कात्रीने पडद्याची सगळी तुरपाई उसवली. अर्धी मी स्वतः घातली, शेवटचा टाका सैल ठेवून. उरलेली तशीच सोडली. पडदा बाईंच्या हातात दिला — ज्यांनी शिवला त्यांच्याकडूनच पुरा करून आणा. त्यांनी माझ्याकडे खूप वेळ बघितलं. "बघते," एवढंच म्हणाल्या.

यांना काही सांगितलं नाही. यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

१८ नोव्हेंबर

पडदा नाही. बाई मला बघून वाट बदलतात. भूत असलीस तरी चालेल गं ताई, पण शिवून दे.

१९ नोव्हेंबर

निघताना पडदा आला. बाईंनी माझ्या हातात ठेवला.

माझ्या सैल टाक्यातच तिने आपला दोरा ओवून सुरुवात केलीय. कुठे माझं संपतं आणि कुठे तिचं सुरू होतं, मलाही सांगता येणार नाही. तोंडावर धरून मी मनसोक्त रडले.

मग शेवटचा टाका बघितला. सैल नाही. गच्च ओढलेला, गाठीवर गाठ मारलेली. उसवू नकोस, म्हणतेय.

पडदा परत खिडकीला लावला. गाडीपर्यंत जाताना फळवाल्या आजीने अडवलं. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं मी सांगितलं — हो, माझी बहीणच होती ती. बुडाली.