तीन बुधवार

४ फेब्रुवारी
गट पाडले, चौघी-चौघींचे. पाळणाघरात काम करणाऱ्या बायकांसाठीचा हा ऑनलाइन कोर्स मी तिसऱ्यांदा घेतेय. दर वेळी गट फुटतात, रुसवेफुगवे होतात. म्हणून यंदा पहिल्याच दिवशी प्रत्येक गटाकडून करार लिहून घेतला – कधी भेटायचं, कोण काय करणार, कुणी दांड्या मारल्या तर काय. लेक म्हणाली, "आई, आपण तिघं कधी एका वेळी जेवत नाही, आणि तू लोकांचे गट बांधतेस!" हसले. लागलं मात्र.

१९ फेब्रुवारी
दिवसभर बंद कॅमेऱ्यांशी बोलले. काळे चौकोन, खाली नावं. कुणी ऐकतंय का, देव जाणे.

२६ फेब्रुवारी
तिसऱ्या गटातल्या पुढारीणबाईंचा फोन. (हे नाव मी मनातल्या मनात ठेवलेलं!) "मॅडम, आमच्या चौथ्या बाई तीन बुधवार आल्याच नाहीत हो. करारात आहे – तीन दांड्या, नाव कमी. करार तुम्हीच करायला लावलात ना!"

त्या चौथ्या बाई माझ्याच वयाच्या. अकरा वर्षं एकाच पाळणाघरात. प्रमाणपत्र नाही मिळालं तर कामावरून काढतील, असं अर्जातच लिहिलं होतं त्यांनी. पण नियम तो नियम. नाव कमी केलं, कळवलं.

उत्तर आलं – "ठीक आहे मॅडम. माझंच काहीतरी चुकलं असेल."

असेल! म्हणजे काय, असेल? राग आला. विचारलं मात्र नाही.

१२ मार्च
तिसऱ्या गटाचं काम सगळ्यात नीटनेटकं. विभागप्रमुख म्हणाले, "बाई, तुमचा करार आता सगळ्याच कोर्सना लावू." संध्याकाळपर्यंत हवेत होते.

२० मार्च
हजेरीचा अहवाल करायला बसले. प्रत्येक गटाला कोर्समध्येच भेटायला एक ऑनलाइन खोली दिलेली असते. कोण आलं, किती वेळ थांबलं, आपोआप नोंद होते. तिसऱ्या गटाची खोली उघडली. तीन बुधवार. सात ते आठ. एकच नाव – चौथ्या बाईंचं.

एकटीच बसली होती. तिन्ही वेळा. पूर्ण तास.

पुढारीणबाईंना फोन लावला. "अगंबाई, तिथे? आम्ही तर पहिल्या दिवसापासून व्हॉट्सॲपवरच भेटतो. त्यांना घेतलं नव्हतं का ग्रुपमध्ये? मला वाटलं, ह्या दोघींपैकी कुणीतरी घेतलं असेल..."

करारात सगळं होतं. कुठे भेटायचं, तेवढं नव्हतं. मी वाचून सही केली होती.

२१ मार्च
पाळणाघरात फोन केला. मागे पोरं रडत होती. आवाज नवा, कोवळा. "त्या ना? पंधरा तारखेलाच गेल्या सोडून. त्यांच्या जागी मी." मी कोण ते सांगितलं, तशी खुलली – "अय्या, मॅडम तुम्ही! पुढच्या तुकडीत मी तुमच्याकडेच आहे!"