जिंकत असताना काही बदलायचं नाही

रविवार, १६ जुलै

सासूबाईंनी आज पुन्हा विचारलं. माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, थर्मासच्या गरम पाण्यानं भरून त्यांच्या हातात दिला, दोन घोट झाले, आणि आलंच!
'पोरी, एल्बिओ कधी काही बोलला होता का गं? दुखतं-खुपतं?'
'नाही, दोन्या एल्सीरा. कधीच नाही.'
'बरं.'
मग चौकातल्या नवीन दिव्यांबद्दल बोलल्या. गेल्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना गल्लीच्या टोकापर्यंतचं दिसतं. माझ्याकडे बघतात तेव्हा वाटतं, आतलंही दिसत असेल.
एल्बिओला जाऊन अकरा महिने. दर रविवारी तोच प्रश्न, तेच खोटं उत्तर.

बुधवार, १९ जुलै

वाचनालयात गेले. बाई म्हणाली, 'निल्दा, हे पुस्तक तरी संपवणार का?'
कशी संपवणार? एकोणीस वर्षांत नवऱ्याचे अकरा फुटबॉल क्लब. मी चौथीत शाळा सोडलेली. वाचायची गोडी लागली ती नवरा सरावाला गेल्यावर रिकाम्या घरात. प्रत्येक गावात वाचनालयाचं कार्ड काढलं, आणि प्रत्येक गावात पुस्तक अर्धं असताना सामान बांधलं. बोलिव्हियात तर ऐंशीव्या पानावर! क्लबनं कळवलं, उंचीवर याला दम लागतो, नको. पडदेही तसेच. एका घराचे दुसऱ्या घराच्या खिडक्यांना कधी पुरले नाहीत.
पेपरात एल्बिओचं नाव कधी मथळ्यात आलं नाही. अकरा नावांच्या ओळीत यायचं, मधे कुठेतरी. पाच नंबर, मैदानाच्या मधला. दुसऱ्याच्या पायातून चेंडू काढायचा आणि जवळच्याला द्यायचा. 'मी म्हणजे नळजोडणीवाला,' म्हणायचा. 'पाणी आलं की कुणी आठवण काढत नाही.'

शनिवार, २२ जुलै

इथे तरी खरं लिहावं.
गेल्या वर्षी मे महिन्यात पायसांदूच्या या शेवटच्या क्लबात सलग विजय सुरू झाले. सदतीस वर्षांचा होता, केस पिकलेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा अजिंक्यपद दिसत होतं. मग शकुन सुरू झाले. सगळेच पाळतात, पण हा जरा जास्तच. जिंकत असताना काही बदलायचं नाही! तोच न धुतलेला आतला सदरा. मैदानाला जायचा तोच रस्ता, साखळीला बांधलेल्या कुत्र्यासमोरून. मी स्वयंपाकघरात त्याच स्टुलावर बसून बटाटे सोलायचे, आणि रेडिओचं तोंड भिंतीकडे. पहिल्या विजयाच्या दिवशी तो चुकून तसा होता म्हणून.
आठ सामने जिंकले. ऑगस्टमध्ये छातीत कळ आली. जिन्यावर बसला, रंग उडालेला. मी गुरुवारची डॉक्टरांची वेळ घेतली.
'वेडी झालीस का जाडे? गेल्या गुरुवारी मी डॉक्टरकडे गेलो होतो का? नाही ना? मग!'
हसला. मीही हसले. आणि फोन करून वेळ रद्द केली. मीच. त्यानं नाही. कारण मीही मानत होते.
रविवारी, १४ ऑगस्टला, बटाटे सोलत होते. भिंतीकडून समालोचकाचा आवाज येत होता. उत्तरार्धात तो आवाज थांबला. चेंडू बाहेर गेला असेल म्हणून मी आणखी एक बटाटा घेतला.
क्लबवाले म्हणतात, त्याचा वैद्यकीय दाखला स्वच्छ होता. कुणाचा दोष नाही. बरोबर आहे. त्यांचा नाही.

रविवार, २३ जुलै

गेले. त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

रविवार, ६ ऑगस्ट

क्लब आज घरच्या मैदानावर हरला. शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकू आलं. वर्षभरात पहिल्यांदा.
सासूबाईंना ताप होता. तरी विचारलं! डोळे मिटूनच.

मंगळवार, ८ ऑगस्ट

टकल्या आला होता. संघाचे कपडे-बूट सांभाळतो तो. डोक्यावर एक केस नाही, पण खिशात कंगवा. दारात घुटमळला. हातात एल्बिओची पिशवी.
'वहिनी, रागावू नका. वर्षभर खुंटीवरच होती. पोरं हात लावू देईनात. ती लटकतेय तोवर घरी हरायचं नाही, असं झालं होतं.'
'आणि आता?'
'आता हरलो ना! म्हटलं, तुमची तुम्हाला द्यावी.'
मला हसू आलं, मग हुंदका. टकल्या बिचारा भिंतीकडे बघत उभा. 'आत काय आहे ते मी बघितलं नाही, आईशप्पथ,' म्हणाला. 'जादाचे बूट तेवढे वरून पुसून ठेवायचो. शनिवारी.'
पिशवी खुर्चीवर आहे. उघडत नाही.

गुरुवार, १० ऑगस्ट

ठरलं. रविवारी वर्षश्राद्धाची प्रार्थना आहे. त्यानंतर सासूबाईंना खरं सांगायचं. बोलला होता, दोन्या एल्सीरा. कळ आली होती. डॉक्टरची वेळ मी रद्द केली. त्यांनी मला घराबाहेर काढलं तरी चालेल. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला उत्तर न मिळता मरू देऊ का?
पण नंतर रविवारी जायचं कुठे?

शनिवार, १२ ऑगस्ट

पिशवी उघडली. टॉवेल, पायपट्ट्या, कंगवा. डाव्या बुटात, अगदी टोकाशी, घडी घातलेला कागद.
मॉन्टेव्हिडिओचं इस्पितळ. गेल्या वर्षीची २२ फेब्रुवारी. हृदयाची तपासणी. खाली शिक्का — खेळण्यास अपात्र. खेळ तत्काळ थांबवावा.
फेब्रुवारी. पहिल्या विजयाच्या तीन महिने आधी. मग इथल्या दाखल्यावर दुसऱ्या कुणा डॉक्टरची सही मिळवली असणार. आणि मला शकुन सांगत बसला!
फेब्रुवारीत तो मॉन्टेव्हिडिओला, राजधानीला गेला होता, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला.
कागदाच्या तळाशी लिहिलंय — रुग्णासोबत आलेल्या व्यक्तीस समजावून सांगितले: आई. पुढे सही. ओळीवरून घसरून खाली गेलेली, एका डोळ्यावर पट्टी असताना केलेली.
एल्सीरा.
कागद पुन्हा बुटात ठेवला. उद्या सांगायचं ते सांगणारच. माझं तेवढं. सासूबाईंचं त्यांनी सांगावं, सांगायचं असेल तर. मातेच्या पाण्याचा थर्मास मोठा नेईन.