वेगळ्या लाकडाचा घोडा

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचा! खोली बघितली आणि प्रवासाचा शीण पळाला. उत्तरेकडे खिडकी, तिच्याखाली मोठं टेबल, आणि तीन भिंतींना छतापर्यंत कपाटं. त्यांत बुद्धिबळाचे एकशे चौऱ्याऐंशी जुने लाकडी संच! प्रत्येक संच कोणत्या लाकडाचा, साधारण किती जुना, कोणती मोहरी मूळची आणि कोणती मागाहून घातलेली, हे ओळखून यादी करायची. दोन महिने राहणं-जेवण इथेच. मालकीण निवृत्त वकील, सगळे त्यांना वकीलबाईच म्हणतात. संग्रह त्यांच्या दिवंगत यजमानांचा. चहा देताना त्या म्हणाल्या, की पत्र धाकट्या भावाला पाठवलं होतं, थोरले कसे आलात? मी म्हटलं, त्याला सवड नाही. ते खोटं आहे. त्यानेच पत्र माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "दादा, तू जा. तुझ्या कामाला शिस्त आहे."

म्हणजे कामसुद्धा त्याने ताटातलं काढून दिल्यासारखं दिलं. असो. आलो आहे, आता करून दाखवू.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बावीस संच झाले. माझी पद्धत ठरलेली. आधी घोडे पाहायचे. बाकीची मोहरी कोणीही लेथवर कातेल, पण घोडा हाताने कोरावा लागतो. आयाळीच्या खाचा, दातांची ओळ, कानामागचा काप, यांवरून कारागीर कळतो. मग बुडाला चिकटवलेलं बनातीचं कापड उचलून आत वजनासाठी भरलेलं शिसं बघायचं. आज एका संचातला काळा हत्ती आबनुसाचा नसून साध्या लाकडावर काळा रंग चढवलेला निघाला. भिंगाने सापडायला अर्धा तास लागला.

धाकट्याला अर्धं मिनिट लागलं असतं. तो मोहरं नाकाशी नेतो, डोळे मिटतो आणि लाकडाचं नाव सांगतो. आमचे वडील कातारी होते. दोघं त्यांच्याच हाताखाली शिकलो, पण नाक मात्र एकालाच मिळालं. आई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आमच्या धाकट्याच्या नाकात देव बसलाय. मग माझ्या नाकात काय, सर्दी?

१० फेब्रुवारी, सोमवार

आज एक अप्रतिम संच हाती लागला. एकतीस मोहरी एकाच हातची, दीडेकशे वर्षांची तरी असावीत. फक्त पांढऱ्या बाजूचा एक घोडा वेगळ्या लाकडाचा. मागाहून घातलेला, हे उघड आहे. पण लाकूड कोणतं? रेषा ओळखीच्या नाहीत. वजन हातात घ्यावं तसं बदलल्यासारखं वाटतं. सारी दुपार गेली. शेवटी तो मुठीत धरून नुसता बसून राहिलो. मनात एकच, की आत्ता धाकट्याचं नाक मला हवं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी कपाट उघडलं आणि वासांचा लोंढा आला. शिसवीचा गोडसर, आबनुसाचा जळकट, जुन्या रोगणाचा आंबूस. डोळे मिटून नऊ संच ओळखले, भिंगाने पडताळले, नऊच्या नऊ बरोबर! चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा कळलं, की धाकटा कोणत्या जगात राहतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्याचा फोन. नाकाला काहीच कळेनासं झालंय म्हणाला, डॉक्टर म्हणतात सर्दी नाही. रडवेला झाला होता. मी धीर दिला. खरं तेच लिहितो, फोन ठेवल्यावर मी हसलो. मग तो घोडा पुन्हा मुठीत घेतला. धाकटा डावरा आहे, डाव्या हाताने तुटलेला कान असा जोडतो की सांधा दिसत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मी डाव्या हाताने लिहितो आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

वकीलबाईंना सहज विचारलं, तो घोडा कुठून आला? त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, यजमानांना चाळिशीपर्यंत उंट कोणता नि घोडा कोणता हे कळत नव्हतं. संग्रह मुळात त्यांच्या जिवलग मित्राचा. यजमान त्याला कायम पाण्यात पाहत. मग एकाएकी यांना सगळं कळायला लागलं आणि मित्राला काहीच कळेना. त्या मित्राचं पुढे काय झालं, विचारलं. "तो इथे राहायला आला," त्या म्हणाल्या. "मी शेवटची वीस वर्षं दोघांतल्या कोणाबरोबर काढली, ते माझं मलाच सांगता येत नाही."

म्हातारपणी माणूस काहीही बोलतं. पण मी घोडा डब्यात ठेवून झाकण लावलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आईचा फोन. दहा मिनिटं बोलली, त्यातली नऊ धाकट्याबद्दल. मी जेवलो का, हेसुद्धा नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. झाकण काढलं.

तिची माया. फक्त तेवढीच, म्हटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आईने मला "बाळ्या" म्हणून हाक मारली. ते धाकट्याचं लाडाचं नाव. जेवलास का, झोपतोस का, किती वाळला असशील. मी फोन कानाशी धरून लहान मुलासारखा रडलो. मग चिमीने फोन ओढून घेतला. चिमी म्हणजे धाकट्याची सहा वर्षांची मुलगी. मी म्हटलं, काका बोलतोय. ती खळखळून हसली.

"बाबा, गंमत नका ना करू!"

हे मी मागितलं नव्हतं. चिमीला मी मागितलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

घोड्याला उलटं मागून पाहिलं. सगळं परत घे म्हटलं. काही होत नाही. तो फक्त घेणाऱ्याचं ऐकतो, देणाऱ्याचं नाही.

धाकट्याला फोन केला. तो फार शांत होता. नाक नाही, हात चालत नाही, घरात मुलगी त्याला काका म्हणते. आता वेळ जात नाही म्हणून भिंग घेऊन बसतो, आणि हल्ली रोजनिशी लिहायला लागलोय, म्हणाला. मी घोड्याचं सगळं सांगितलं आणि क्षमा मागायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "तुझं बरं चाललंय ना?"

असं मी त्याला विचारायचो. अगदी याच आवाजात.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आईने फोनवर बजावलं — बाळ्या, तुझा दादा काल तिकडे यायला निघालाय, जपून राहा, तो पहिल्यापासून तुझ्यावर जळतो.

घोडा शेगडीत घातला. बाजूचा कोळसा जळून गेला. तो तसाच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ

निघायचं ठरवून पिशवी भरली. दारातच धाकट्याची गाठ पडली. वकीलबाईंनीच दार उघडलं होतं. जराही नवल न करता त्याला खोली दाखवली, घोड्याचा डबा दाखवला — मी ओरडलो, देऊ नका — त्या म्हणाल्या, मी कधीच मध्ये पडत नाही.

दुपार

तो समोर बसलाय. मूठ मिटलेली. माझ्याकडे नुसता बघतो.

वास गेले. कपाट उघडं आहे आणि लाकडाला वास नाही.

उजव्या हाताने लिहितोय. ठीक. त्याचं होतं, त्याने घेतलं. चिमी त्याची, आई — घे बाबा, सगळं घे, फिटलं —

तो उठत नाही.

मी म्हटलं, धाकट्या, आता तुझं काही उरलं नाही माझ्याकडे. तो म्हणाला, "तुझं आहे ना."

यादी समोर आहे. अक्षर माझं. शिसवी म्हणजे कोणतं, ते आठवत — भिंग कशाला असतं — वडील मला काय म्हणून हाक —

मूठ अजून मिटलेलीच. आता तो या वहीकडे बघतोय. ही तरी राहू दे, ही माझी

हे जे मी करतोय, कागदावर, याला काय म्ह