डावीकडे ओढलेला हात

९ नोव्हेंबर १९८६, रविवार
सकाळी वहिनीला घेऊन मिठागराच्या रस्त्यावर. दादा डिसेंबरात बोटीवरून उतरून विमानाने घरी येतोय. त्याला विमानतळावरून आणायला स्वतः गाडी चालवत जायचं, असा वहिनीचा हट्ट. दादाला पत्ता नाही. मास्तर मी.
आज गाडी सारखी उजवीकडे. एका सायकलवाल्याच्या अंगावर जाता जाता राहिली.
“स्टिअरिंग सरळ धर ना गं!”
“सरळच धरलंय हो भावोजी.”
“मग गाडी काय आपोआप जाते?”
गप्प बसली. शाळेत अख्खा वर्ग गप्प करणारी बाई. एवढं ओरडायला नको होतं.
दादाची गाडी मात्र दिसते झकास. दिवाळीआधी पक्याच्या गॅरेजमध्ये मागून दोन बोटं खाली घेतली. मागच्या स्प्रिंगचे पाटे आणि चाकांचा एक्सल यांच्यामध्ये ठोकळे घातले. काम आम्ही दोघांनीच केलं. दादा जाताना बजावून गेला होता, “हवा-पाणी बघ, बाकी काही उघडू नकोस.” घरी सर्व्हिसिंग म्हणून सांगितलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आई गॅलरीतून बघत होती. वर आल्यावर म्हणते, “गाडी कुर्लेसारखी चालता रे. त्वांड एकीकडे, चाल भलतीकडे.”
मी म्हटलं, “खेकड्यासारखी? वहिनी चालवते म्हणून.” वहिनीपण हसली. खालचे काका जिन्यातच होते, ते लगेच, “बायकांच्या हातात गाडी म्हणजे...” मी मान डोलावली. का डोलावली? काकांशी मला काय घेणंदेणं?

१६ नोव्हेंबर, रविवार
वाट लागली.
पक्या आला होता. तो वहिनीच्या शेजारी बसला, मी रस्त्यात उभा. दिवाळीपासून गाडी चालताना मागून आज पहिल्यांदा बघितली. मागची चाकं पुढच्यांच्या मागे नाहीतच. गाडीचं बूड डावीकडे, नाक उजवीकडे, आणि वहिनी स्टिअरिंग डावीकडे ओढून ओढून तिला सरळ नेतेय. आईला तिसऱ्या मजल्यावरून दिसलं ते मला आत बसून दिसलं नाही. वर मीच तिला हसलो.
वहिनीला घरी सोडून गॅरेजला. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोरी लावली. उजवीकडची दोरी डावीकडे बोटभर कमी पडली. म्हणजे एक्सलचं डावं टोक मागे सरकलेलं. पक्या गाडीखालून ओरडला, “पाट्यांच्या सेंटर बोल्टचं डोकं ठोकळ्याच्या भोकात बसलंच नाय रे! आपण वरून यू-बोल्ट आवळून मोकळे.”
आपण कसले. डावीकडचा पाना माझ्या हातात होता.
नवे यू-बोल्ट हवेत, मागवून यायला चार-पाच दिवस लागणार. वहिनीची टेस्ट परवा. याच गाडीवर. तिला सांगायला पाहिजे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
सांगितलं नाही.
नापास. रिव्हर्स घेताना गाडी खांबाला लागली. इन्स्पेक्टर म्हणाला, “बाई, आधी सरळ चालवायला शिका.” मी कंपाउंडबाहेर उभा, मला ऐकू आलं. तिनं माझ्याकडे बघितलं, जणू तिनेच मला मान खाली घालायला लावली.
येताना मी चालवली. ती म्हणाली, “राहू दे भावोजी. मला नाही जमायचं. तुम्ही उगाच एवढे रविवार घालवलेत.”
मी म्हटलं, “होतं असं.”
होतं असं! जीभ झडली नाही माझी.

२२ नोव्हेंबर, शनिवार
काम झालं. गाडी जॅकवर घेतली, यू-बोल्ट काढले, एक्सल पुढे ढकलला. यावेळी बोल्टचं डोकं भोकात बसलेलं बोटाने चाचपून बघितलं, मगच आवळलं. दोरी दोन्हीकडे सारखी. चालवून बघितली. स्टिअरिंग मधोमध, गाडी सुतात.
पक्या म्हणाला, “ठोकळे पण काढून टाकू?” नको म्हटलं. खाली घेतलेली छान दिसते. एवढं होऊनसुद्धा मला हे सुचतं.
घरी सांगितलं, ब्रेक करून आणले.

२३ नोव्हेंबर, रविवार
वाटलं होतं, गाडी नीट झाली, आता आपोआप निभावेल. कुणाला काही सांगायला नको.
वहिनीला आग्रह करून नेलं. सुटली ती डावीकडे. थेट गटाराच्या काठावर. पुन्हा सुरू केली, पुन्हा डावीकडे. तिच्या हाताला तीच सवय. गाडी सरळ झाली आणि हात तसाच ओढतोय. तो हात शिकवला कोणी?
स्टिअरिंग सोडून हात मांडीवर ठेवले तिने. “बघा. उजवीकडे जायची ती आता डावीकडे. मी वेंधळीच.”
शब्द ओठांवर आला होता. दादाला कळल्यावर तो काय म्हणेल ते डोळ्यांपुढे आलं आणि...

३० नोव्हेंबर, रविवार
काल जेवताना वहिनी आईला म्हणाली, “विमानतळावर भावोजीच जातील.” पुन्हा टेस्टची तारीख मिळालीय, शुक्रवारची, तर ती जाणार नाही म्हणते. आईने तिच्या पानात न विचारता भात वाढला. माझ्याकडे बघितलं नाही.
आज सकाळी मीच चालवत तिला मिठागरावर नेलं, गाडी थांबवून सगळं सांगितलं. ठोकळे, बोल्ट, पाना. टेस्टच्या आधी कळलं होतं, तेसुद्धा.
तिने पहिलं हेच विचारलं, “टेस्टच्या आधी?”
“हो.”
मग म्हणाली, “सुधीर, खाली उतरा.” नाव घेऊन कधी बोलत नाही.
“वहिनी, लायसन्स नाही, एकटीने नको...”
“मागून बघा. तुम्हाला मागूनच कळतं ना.”
उतरलो. ती माझ्या जागेवर सरकली. गाडी निघाली, डावीकडे ओढली, सावरली. परत ओढली, परत सावरली. पुढे बराच वेळ काही चुकलं नाही. वळण घेऊन दिसेनाशी झाली. मी उन्हात उभा. परत आली तेव्हा डोळे लाल, पण गाडी रस्त्याच्या कडेला अगदी समांतर लावली. येताना पण तीच चालवत होती.

४ डिसेंबर, गुरुवार
उद्या टेस्ट. दादा रविवारी.
तीन दिवस रोज शाळेतून आल्यावर वहिनी मला नेते. मी फक्त शेजारी बसतो. ओरडायची वेळच येत नाही.
सकाळी आईने विचारलं, “इमानतळार कोण जातला?”
वहिनी म्हणाली, “पास झाले तर मी. भावोजी मागे बसतील. येताना यांना काय ते स्वतःच सांगतील.”
आई म्हणाली, “काय ता?” वहिनी पिशवी उचलून शाळेला निघाली.
दुपारी पक्याकडे जाऊन ठोकळे काढून टाकले. गाडी पहिल्यासारखी उंच. दोरी दोनदा लावून बघितली. टेस्टला गाडीची खोट राहायला नको, असं पक्याला सांगितलं.
वहिनीने संध्याकाळी खाली येऊन गाडी बघितली, मागे वाकून बघितलं. मग माझ्याकडे. आणि वर गेली.
दादाला आता गाडी बघून काहीच कळणार नाही. मी सांगितलं तरच.