डुगडुगणारं स्टूल

तीर्थरूप बाबांना,
लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुम्ही गुडघ्याला तेल लावता ना?

माझ्याकडे समुपदेशनाला एक सुतार येतात, तुमच्याच वयाचे. त्यांची बायको वारली. बाकीचे लोक समोर बसवून विचारलं की घडाघडा बोलतात. हे मात्र तीन आठवडे नुसतं "बरं आहे" म्हणत होते. शेवटी मी म्हटलं, "येताना अवजारं आणा, आमचं स्टूल डुगडुगतंय." त्याचा पाय घट्ट करता करता, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "तिची उशी मी अजून उन्हात घालतो." मग तासभर बोलत राहिले.

आई गेल्यापासून दर रविवारी मी फोनवर तुमच्या मागे लागते, "बाबा, मन मोकळं करा." तुम्ही "बरं आहे" म्हणता आणि मी चिडते. परक्या माणसासाठी रीत बदलली, तुमच्यासाठी बदलावी हे सुचलंच नाही हो.

शनिवारी येतेय. आईच्या शिलाई मशीनचा पट्टा तुटलाय ना, तो तसाच राहू द्या. दोघं मिळून बसवू.

मी काही विचारणार नाही.

तुमची हट्टी धाकटी