नगाऱ्याची रिकामी पानं

५ ऑक्टोबर १९५३
नाट्यगृहाचं छप्पर गळतंय, म्हणून ऑपेराच्या जुन्या हस्तलिखितांचे चार पेटारे घरी आले. हमाली ३०० लिरा. मुरंब्याला बिहीची फळं दहा किलो, ६००. साखर तीन किलो, ७५०.
ह्यांनी बजावलं, "ओर्तेंसिया, हात लावायचा नाही. संग्रहाची जबाबदारी माझी आहे." मी कशाला लावते!

९ ऑक्टोबर
मुरंबा झाला. बरण्यांच्या तोंडावर दारूत भिजवलेला कागद लागतो. दुकानातला भाव ऐकूनच परत फिरले. पेटाऱ्यात नगाऱ्याच्या वहीत पाच पानं जवळजवळ कोरी. नुसत्या रेघा, वर आकडे. सूर एकही नाही. चांगला कागद असा पडू देणं देवालाही आवडणार नाही.

१२ ऑक्टोबर
पाचही बरण्या मांतुआला, बहिणीकडे रवाना. देखण्या दिसत होत्या.

३ नोव्हेंबर
नगारेवाले बाल्दास्सार्रे तालमीसाठी वही न्यायला आले. उघडून ओरडलेच, "एर्मेते, माझी गप्प बसायची पानं कुठायत?"
हे हसले. "गप्प बसायला पान कशाला हवं?"
"अरे बाबा, एकशेचाळीस मात्रा गप्प, मग नेमका घाव! कधीपर्यंत गप्प, ते तिथंच लिहिलंय. मूळ प्रत लढाईत जळाली. आता मोजू काय, छताच्या तुळया?"
उद्या सांगतेच.

४ नोव्हेंबर
ह्यांचं पोट बिघडलंय. आजारी माणसाला त्रास नको.

८ नोव्हेंबर, रविवार
पापनिवेदनाला गेले. रागाबद्दल सांगितलं. फादर म्हणाले, "आणखी काही, बाई?" मागे केवढी रांग! म्हटलं, "नाही, फादर." म्हणजे आता पापं दोन झाली.

११ नोव्हेंबर
नाट्यगृहाचा निरोप आला: पानं शनिवारपर्यंत मिळाली नाहीत, तर ह्यांनी संग्रहाच्या किल्ल्या परत करायच्या. हे म्हणाले, "म्हातारा झालो गं. मीच कुठेतरी हरवली." चौथ्यांदा पेटारे उपसले. मीही शोधू लागले, अगदी मनापासून. उद्या नक्की सांगणार.

१२ नोव्हेंबर
सांगण्यापेक्षा लिहिणं बरं. पत्र टाकलं. नक्कल:
"प्रिय एर्सिलिया, बरण्यांवरचे कागद अलगद सोडव. शाई पसरली असली तरी आकडे दिसतील. गोल कापताना उरलेले कोपरे माझ्याकडे आहेत, चूल पेटवायला ठेवले होते. कागद थेट नाट्यगृहाला पाठव, पाठवणाऱ्याचं नाव नको. ह्यांना मी सगळं सांगणारच आहे, पण आमचं टपाल हेच उघडतात; म्हणून मला लिहिताना पत्ता शेजारच्या जेल्त्रूदेबाईंचा घाल. कागद फेकले नाहीस ना, एवढं उलट टपाली कळव."