समुद्राकडे पाठ केलेली घरं

मालवण, १९६३

नाना,

तुला नगरपालिकेत आम्हीच निवडून पाठवलं. आपल्या वाडीच्या नव्या सरकारी घरांच्या सभेत मी उभी राहून म्हटलं, "दारां दर्याकडे ठेवा." साहेब म्हणाले, रस्त्याकडे. तू मान डोलावलीस, वर माझ्यावरच खेकसलास, "गप रव गो आक्का, तुका काय कळता?"

आपली आई दारात उभी राहून बाबांचं शीड शोधायची, ते विसरलास?

माझा मुलगा, तुझा सख्खा भाचा, किनाऱ्यासमोरच बुडाला. होडी उलटताना एकीलाही दिसली नाही. आम्ही सगळ्या बिनखिडकीच्या भिंतीआड रांधत होतो. बाराव्याला तू पोटभर जेवून गेलास. दुसऱ्या दिवशी मी ती भिंत पहारीने फोडली, तर सरकारी भिंत म्हणून तू शिपाई धाडलास.

हे पत्र टाकत नाही. वाचून यावरही नुसती मान डोलावशील.

यापुढे आक्का म्हणू नकोस.

हिरा